एक ब्रेक शू पुन्हा पुन्हा रिमला घासतो तेव्हा : जुन्या रिम ब्रेकची जुळणी आणि तुलना

जुन्या सायकलींच्या रिम ब्रेकबाबत नेहमी येणारी तक्रार अशी असते : दोन्ही शू, म्हणजे रिमवर दाबले जाणारे रबरी ठोकळे, रिमपासून सारख्या अंतरावर बसवले, लिव्हर दाबून पाहिली, सर्व ठीक वाटले, आणि थोड्याच दिवसांत डावा किंवा उजवा शू पुन्हा रिमला टेकू लागला. मग कॅलिपर, म्हणजे शू धरणारा भुजांचा जोड, हाताने ढकलून मध्यावर आणला जातो, मागचा नट आणखी आवळला जातो आणि काही फेऱ्यांनंतर पुन्हा तोच घासण्याचा आवाज येतो. बहुतेक जण याच टप्प्यावर ब्रेकच्या प्रकाराला दोष देऊन दुसऱ्या प्रकारचा ब्रेक शोधू लागतात. हा निष्कर्ष बहुधा घाईचा ठरतो. ब्रेक मध्यावर राहतो की नाही, हे चाक, मधला बोल्ट, वायर आणि स्प्रिंग या चौघांवर अवलंबून असते. त्यांपैकी एकात दोष असताना कॅलिपर हाताने सरकवला, तर तो दोष तात्पुरता झाकला जातो, इतकेच. म्हणून ब्रेक मध्यावर आणण्याचे काम सर्वांत शेवटी करावे, आणि दोन प्रकारच्या ब्रेकची तुलना तर त्याच्याही नंतर.

सुरुवात चाकापासून करावी. सायकल उलटी न ठेवता चाकांवर उभी करून एक्सलचे नट सैल करावेत, चाक फोर्कच्या दोन्ही खाचांत पूर्ण बसू द्यावे आणि मगच नट आवळावेत. चाक एका बाजूला दोन मिलिमीटर तिरके बसलेले असेल, तर त्याच्याशी जुळवून घेतलेला ब्रेक चाक काढून पुन्हा लावताच चुकणार हे उघड आहे. त्यानंतर रिम हाताने डावी-उजवीकडे हलवून हबमध्ये खेळ आहे का ते पाहावे. हबमधले छरे आवळणारे शंकूसारखे नट, म्हणजे कोन, सैल असतील तर छर्‍यांवर चाक डगमगते आणि वळणावर शूला टेकते. शेवटी चाक फिरवून आउट, म्हणजे रिमचा डावी-उजवीकडचा वाकडेपणा, किती आहे ते शूच्या आधारानेच पाहता येते. एक मिलिमीटरपर्यंतची आउट जुना ब्रेक सहज सहन करतो. त्याहून जास्त असेल तर आधी आऱ्या जुळवून आउट काढावी, कारण आउट असलेल्या चाकावर शूचे अंतर वाढवावे लागते आणि अंतर वाढले की लिव्हर हँडलपर्यंत जाऊ लागते. एका दुरुस्तीतून दुसरी तक्रार निर्माण होण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे.

आता ब्रेक कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखावे, कारण पुढचा उपाय त्यावर ठरतो. मधल्या एकाच बोल्टवर दोन्ही भुजा फिरत असतील आणि वायर एका बाजूने येत असेल, तर तो एक-खिळी साइडपुल ब्रेक. मधल्या बोल्टवर एक आडवी पट्टी असून तिच्या दोन टोकांवर भुजा स्वतंत्रपणे फिरत असतील आणि वायर मधोमध वरून येऊन एका छोट्या आडव्या वायरला ओढत असेल, तर तो सेंटरपुल. फोर्कच्या दोन्ही पायांवर जोडलेल्या खुंट्यांवर भुजा बसवलेल्या असतील तर कँटिलिव्हर, आणि त्याच खुंट्यांवर उंच, सरळ भुजा असून वायर त्यांच्या डोक्यांमधून आडवी जात असेल तर व्ही-ब्रेक. ड्युअल-पिव्हट दिसायला साइडपुलसारखाच असतो, मात्र त्याची एक भुजा मधल्या बोल्टवर आणि दुसरी बाजूच्या वेगळ्या खिळीवर फिरते. रॉड ब्रेकमध्ये वायरऐवजी सळया असतात आणि शू रिमच्या आतल्या बाजूला वर खेचले जातात. तेथे मध्य साधण्याचे काम फोर्कवरच्या मार्गदर्शक कड्या करतात, म्हणून त्या वाकल्या नाहीत ना आणि सळयांच्या सांध्यांचे स्क्रू सैल नाहीत ना, एवढे पाहणे सहसा पुरते.

एक-खिळी साइडपुल

सर्वाधिक तक्रारी याच ब्रेकच्या असतात आणि त्यांचे कारण रचनेतच आहे. स्प्रिंगचा मधला भाग बोल्टच्या खाचेत अडकवलेला असतो आणि तिची दोन टोके दोन भुजांना बाहेर ढकलतात. म्हणजे ब्रेकचा मध्य कोठे असावा हे बोल्टची फिरलेली स्थिती ठरवते. बोल्ट किंचित फिरला की स्प्रिंग फिरते, आणि स्प्रिंग फिरली की सगळा कॅलिपर एका बाजूला झुकतो. कॅलिपर हाताने ढकलून मध्यावर आणताना बोल्ट आपल्या जागीच राहतो, केवळ घर्षणामुळे भुजा क्षणभर नव्या जागी थांबतात; पहिल्या काही दाबांतच स्प्रिंग त्यांना पूर्वीच्या जागी नेते. काही लोक स्प्रिंगच्या वळणावर छिन्नी ठेवून हातोड्याने ठोकतात. त्यानेही मध्य साधतो, पण स्प्रिंग वाकते आणि पुढच्या वेळी अधिक ठोकावे लागते. ही पद्धत मला कधीच पटलेली नाही.

योग्य पद्धत दोन पान्यांची आहे. एक पाना फोर्कच्या मागच्या नटवर आणि दुसरा कॅलिपरच्या समोरच्या नटवर लावून दोन्ही एकाच वेळी, एकाच दिशेने फिरवावेत, म्हणजे संपूर्ण बोल्ट स्प्रिंगसह फिरतो. समोर बहुधा दोन नट एकमेकांवर आवळलेले असतात. समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचे असेल तर बाहेरचा नट धरावा आणि उलट दिशेने फिरवायचे असेल तर आतला, कारण तसे केले तरच ते दोन नट एकमेकांपासून सुटत नाहीत. काही चांगल्या कॅलिपरमध्ये बोल्टच्या मागच्या भागावर १३ मिलिमीटरच्या पातळ पान्यासाठी सपाट कडा दिलेल्या असतात. तेथे काम एका पान्याने होते.

एवढे करूनही बोल्ट पुन्हा फिरत असेल, तर मागचा नट जोर लावून आवळण्यापूर्वी वॉशर तपासावेत. फोर्कचा माथा गोलाकार असतो, म्हणून कॅलिपर आणि फोर्क यांच्यामध्ये, तसेच मागच्या नटाखाली, एका बाजूने वक्र आणि दुसऱ्या बाजूने सपाट असा वॉशर हवा. तो हरवला असेल तर नट फक्त एका रेषेवर टेकतो आणि हादऱ्यांनी ढिला होतो, मग तो कितीही आवळा. कॅलिपरच्या मागचा दातेरी वॉशर झिजला असेल तर तोही बदलावा. मागे नायलॉनची कडी असलेला लॉकनट वापरावा. बोल्टसाठी ८ ते १० न्यूटन-मीटर एवढी आवळणी पुरेशी असते. माझ्या पाहण्यात ‘पुन्हा पुन्हा बाजूला जाणारा’ ब्रेक बहुतेक वेळा या एका वॉशरपायी बदनाम झालेला असतो.

नंतर समोरचे दोन नट पाहावेत. आतला नट भुजांमधला खेळ ठरवतो आणि बाहेरचा त्याला जागेवर धरतो. आतला फार आवळला तर भुजा अडखळतात, परत येत नाहीत, आणि ज्या बाजूचे घर्षण जास्त त्या बाजूचा शू रिमवर राहतो. फार सैल ठेवला तर भुजा पुढे-मागे हलतात आणि ब्रेक लावताना किरकिर होते. आतला नट हळूहळू आवळत जावे, खेळ नाहीसा झाला की पाव फेरी मागे घ्यावे, मग तो पान्याने धरून बाहेरचा आवळावा. स्प्रिंगची टोके भुजांवरच्या खुंट्यांवर ज्या ठिकाणी घसरतात तेथे ग्रीसचा बारीक थेंब लावावा, कारण एका टोकाला गंज आणि दुसरे टोक स्वच्छ असेल तर स्प्रिंग दोन्ही भुजांना सारखी ढकलू शकत नाही. भुजा उघडून साफ करायच्या असतील तर वॉशरचा क्रम कागदावर मांडून ठेवावा.

वायर आणि आउटर

बोल्ट, स्प्रिंग आणि वॉशर निर्दोष असूनही ब्रेक बाजूला जात असेल, तर हँडल एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवून कॅलिपरकडे पाहावे. तो हँडलबरोबर हलत असेल तर दोषी आउटर, म्हणजे वायरवरचे नळीसारखे आवरण, आहे. साइडपुलमध्ये आउटर थेट एका भुजेवर टेकते. ते आखूड असेल तर वळणावर भुजेला ओढते, गरजेपेक्षा लांब आणि ताठ असेल तर ढकलते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळल्यावरही आउटर भुजेत सरळ रेषेत शिरले पाहिजे. त्याची लांबी ठरवण्याचा याहून सोपा निकष नाही.

आउटरची आणखी एक बाजू बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : वळणांत ओढ वाया जाते, आणि ती वळणांच्या संख्येपेक्षा त्यांच्या एकूण कोनावर अवलंबून असते. घर्षणगुणांक ०.१ धरला, तर एकूण १८० अंशांच्या वळणात सुमारे २७ टक्के ओढ वाटेतच संपते आणि ३६० अंशांच्या वळणात जवळजवळ निम्मी. आतील अस्तर झिजलेल्या किंवा अस्तरच नसलेल्या जुन्या, गंजलेल्या आउटरमध्ये घर्षण याहूनही अधिक असते, आणि ते ब्रेक सोडतानाही अडथळा करते, म्हणजे शू रिमवर अडकून राहतात. अशा वेळी स्प्रिंग कडक करण्यापेक्षा वायर आणि आउटर दोन्ही बदलणे शहाणपणाचे ठरते. आउटर तोडल्यानंतर त्याचे टोक कानशीने सपाट करावे, आतले छिद्र टोच्याने मोकळे करावे आणि टोपी लावावी. टोक तिरके राहिले तर पहिल्या काही दिवसांत ते दबत जाते आणि लिव्हर ढिली पडते. यालाच लोक ‘वायर ताणली’ म्हणतात. प्रत्यक्षात पोलादी वायर फारच थोडी ताणली जाते, बाकी सगळी ढिलाई आउटरच्या टोकांच्या बसण्यातून आणि वायर पकडणाऱ्या बोल्टच्या घसरण्यातून येते. म्हणून नवी वायर लावल्यावर लिव्हर दोन्ही हातांनी काही वेळा पूर्ण जोराने दाबावी आणि मग पुन्हा जुळणी करावी. वायर घसरणार असेल तर ती रस्त्यावर न घसरता येथेच घसरू द्यावी. गिअरसाठीचे, आत लांबीच्या दिशेने सरळ तारा असलेले आउटर ब्रेकला कधीही वापरू नये. ब्रेकच्या जोराने ते फुटू शकते आणि तेही नेमके जोराने दाबल्यावर.

सेंटरपुल, कँटिलिव्हर आणि इतर

सेंटरपुलमध्ये आउटर भुजेवर टेकत नाही, म्हणून हँडल वळवल्याने ब्रेक बाजूला जाण्याचे कारण उरत नाही. फ्रान्सच्या माफाकने आणि स्वित्झर्लंडच्या वाइनमानने बनवलेले असे ब्रेक विसाव्या शतकाच्या मध्यावर फार लोकप्रिय होते ते काही अंशी यामुळेच. येथे मागचा नट सैल करून संपूर्ण आडवी पट्टी फिरवावी आणि पुन्हा आवळावे. तरीही एक शू जवळ राहत असेल तर आडवी वायर मधल्या हुकात नीट सरकते का ते पाहावे. सेंटरपुल मऊ वाटण्याचे कारण मात्र बहुधा कॅलिपरमध्ये नसून आउटरला वर थांबवणाऱ्या पातळ पत्र्याच्या पट्टीत असते. लिव्हर दाबताना ती वाकताना डोळ्यांनी दिसते. ती जाड पट्टीने बदलावी.

कँटिलिव्हरमध्ये प्रत्येक भुजेला स्वतंत्र स्प्रिंग असते. दोन्ही स्प्रिंगांची टोके खुंटीच्या सारख्याच छिद्रात आहेत ना, हे आधी पाहावे. छिद्रे साधारणतः तीन असतात आणि एक स्प्रिंग मधल्या व दुसरी वरच्या छिद्रात बसवलेली आढळणे अगदी नेहमीचे आहे. त्यानंतर भुजा काढून खुंट्या साफ कराव्यात, काचकागदाने गंज उतरवावा, ग्रीस लावावे. हे झाल्यावरच भुजेवरचा बारीक स्क्रू फिरवून ताण सारखा करावा. स्क्रू पूर्ण आत गेला तरी मध्य साधत नसेल, तर खुंटीवर गंज आहे किंवा ती वाकलेली आहे, असे समजावे. पुढच्या कँटिलिव्हरची मुख्य वायर तुटली तर आडवी वायर टायरवर पडून चाक जागीच अडकू शकते, म्हणून फोर्कवर मडगार्ड किंवा रिफ्लेक्टरची पट्टी असणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

याच ब्रेकची दुसरी जुनाट तक्रार म्हणजे पुढचा ब्रेक लावताच फोर्क जोराने थरथरणे. आउटर हेडसेटच्या, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या, वरच्या बाजूला थांबवलेले असते. ब्रेक लागताच फोर्क मागे वाकतो, वायर आणखी ताणली जाते, ब्रेक अधिक आवळतो, मग शू घसरतो, फोर्क सुटतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. हेडसेटमधला खेळ आधी काढावा. तेवढ्याने भागले नाही तर आउटरचा थांबा फोर्कच्या माथ्यावर बसवावा. शूचे कोन बदलत बसण्यापेक्षा हा उपाय खात्रीचा आहे.

ड्युअल-पिव्हटला मध्य साधण्यासाठी स्वतंत्र स्क्रू असतो आणि तो सहसा जागचा हलत नाही; त्याला खरी अडचण वाकड्या चाकाची असते, कारण एक-खिळी कॅलिपर चाकाबरोबर थोडा डोलतो, हा डोलत नाही.

शूची उंची, कोन आणि आवाज

शूची उंची ब्रेक सोडलेल्या स्थितीत ठरवणे चुकीचे आहे; लिव्हर दाबून, शू रिमला टेकलेला असताना ती पाहावी. शू झिजत जातात तसे ते सरळ आत न जाता वर्तुळाकार वाटेने सरकतात : एक-खिळी साइडपुल आणि कँटिलिव्हरचे शू खाली, तर सेंटरपुलचे दोन्ही व ड्युअल-पिव्हटच्या बाजूच्या खिळीवरचा शू वर टायरकडे. म्हणून पहिल्या गटात शू रिमच्या वरच्या कडेला थोडे जवळ आणि दुसऱ्या गटात खालच्या कडेला जवळ बसवावेत. कँटिलिव्हरचा झिजलेला शू रिमखाली निसटू शकतो आणि टायरला लागणारा शू टायर कापतो, त्यामुळे या एक-दोन मिलिमीटरांकडे दुर्लक्ष करू नये. शूचा नट ५ ते ७ न्यूटन-मीटरवर आवळावा आणि आवळताना शू हाताने धरावा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो.

किंचाळणारा आवाज येत असेल तर शूचे पुढचे टोक, म्हणजे रिम ज्या दिशेने पुढे जाते त्या बाजूचे, मागच्या टोकापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर आधी टेकेल असे ठेवावे. अनेक जुन्या कॅलिपरमध्ये शूचा कोन बदलता येत नाही. भुजा पान्याने पिळून वाकवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण जुने ॲल्युमिनियम तडकू शकते, म्हणून मी रबरच कानशीने तिरके घासणे पसंत करतो. त्याआधी रिम स्पिरिटने पुसून पाहावी आणि रबरात रुतलेले धातूचे चमकदार कण टोच्याने काढावेत. तेच कण रिमवर चरे पाडतात.

तुलना कशी करावी

वेगवेगळ्या ब्रेकांची तुलना करताना सर्वांत मोठा घोटाळा लिव्हरच्या स्पर्शामुळे होतो. लिव्हर हाताला कडक लागली म्हणजे ब्रेक जोरदार, असा समज पक्का रूढ आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. तरफेचा नियम असा की जोर वाढवायचा तर हालचाल कमी पदरात पडते : ज्या ब्रेकचा यांत्रिक लाभ (हाताचा जोर शूवर किती पट होतो ते प्रमाण) जास्त, त्याची लिव्हर अधिक आत जाते आणि रबर, आउटर व भुजा यांचे दबणे हाताला अधिक जाणवते. कडक लिव्हर याचा अर्थ अनेकदा लाभ कमी आहे, एवढाच असतो.

हा लाभ घरी मोजता येतो. शू रिमला जवळजवळ टेकलेले असतील अशी वायर बांधावी, आउटरच्या तोंडाशी वायरवर खूण करावी, चाक काढून वायर १० मिलिमीटर खेचावी आणि दोन शूंमधले अंतर किती कमी झाले ते कॅलिपरमापीने मोजावे. १० मिलिमीटर कमी झाले तर घर्षण वगळता प्रत्येक शूवर वायरच्या ओढीइतकाच जोर पडतो; ७ मिलिमीटर कमी झाले तर सुमारे १.४ पट. हा हिशोब साइडपुल, सेंटरपुल आणि कँटिलिव्हर या सर्वांना लागू पडतो, फक्त कँटिलिव्हरमध्ये लाभ हालचालीबरोबर बदलतो, म्हणून तेथे थोडीच, म्हणजे तीन-चार मिलिमीटर वायर खेचून मोजावे. आडवी वायर ओढणारा मधला हुक खाली घेतला की कँटिलिव्हरचा लाभ वाढतो आणि शूची हालचाल घटते. वर घेतला की उलट होते. साइडपुलमध्ये हाच फरक भुजेच्या लांबीने पडतो : वरची भुजा तेवढीच ठेवून बोल्टपासून शूपर्यंतचे अंतर ४७ ऐवजी ५७ मिलिमीटर झाले तर जोर जवळजवळ १८ टक्क्यांनी घटतो. मोठ्या चाकाच्या सायकलवर लहान चाक बसवणाऱ्यांना ब्रेक मंद वाटू लागतो, त्यामागे हे गणित असते.

व्ही-ब्रेक शिमानोने १९९६ मध्ये बाजारात आणला आणि त्याच्या लिव्हर जुन्या लिव्हरच्या जवळजवळ दुप्पट वायर खेचतात. जुन्या लिव्हरला व्ही-ब्रेक जोडला तर शू रिमच्या अगदी लगत ठेवावे लागतात आणि ब्रेक एकदम पकडतो. व्ही-ब्रेकची लिव्हर कँटिलिव्हरला जोडली तर लिव्हर दगडासारखी कडक लागते आणि सायकल थांबत नाही. अशी जोडणी आढळली तर तुलना तेथेच थांबवून लिव्हर बदलावी.

रस्त्यावर चाचणी घ्यायची असेल तर वायर, आउटर, शूचे रबर आणि रिम ही चारही सारखी ठेवूनच घ्यावी, अन्यथा कॅलिपरऐवजी रबराची परीक्षा होते. रिमचा धातू तर सगळ्यांवर मात करतो : क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली की सामान्य रबराची पकड फारच घसरते, आणि तेथे साइडपुल की सेंटरपुल हा प्रश्नच गौण ठरतो. कोरड्या, सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगातून पुढच्या ब्रेकने चांगले मंदन साधले, म्हणजे वेग दर सेकंदाला सुमारे ५ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला, तर थांबायला तीन मीटरांच्या आसपास अंतर लागते. केवळ मागच्या ब्रेकने त्याच्या सुमारे दुप्पट, कारण मागचे चाक त्याआधीच घसरू लागते. म्हणून तुलना पुढच्या ब्रेकवर करावी, पण दाब टप्प्याटप्प्याने वाढवत, कारण याहून थोड्याच अधिक मंदनात मागचे चाक उचलले जाऊ लागते. त्याआधी कॅलिपरवरची वायर सैल करणारी छोटी कळ बंद आहे ना ते पाहावे. चाक काढताना उघडलेली ती कळ तशीच राहून ‘ब्रेक कमजोर’ अशी तक्रार येणे आश्चर्य वाटावे इतके सर्रास आहे.

वरील सर्व तपासूनही साइडपुल मध्यावर राहत नसेल, तर कॅलिपर उतरवून बोल्ट सपाट काचेवर लोळवून पाहावा. तो डगमगत लोळला तर वाकलेला आहे. असा बोल्ट सरळ करून पुन्हा वापरू नये, कारण वाकून सरळ केलेला बोल्ट आट्यांच्या मुळाशी तुटू शकतो. त्याच मापाचा नवा बोल्ट मिळत नसेल तर संपूर्ण कॅलिपर बदलावा.